एच-इंडेक्स १९१ आणि एका पानाचा पेपर

निळी_शाई (धागाकर्ती)

आमच्या कॉलेजच्या गेटवर गेल्या आठवड्यात भलामोठा फ्लेक्स लागला. जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आमचे एक सर आलेत, फेटा बांधलेला फोटो, खाली समस्त स्टाफतर्फे हार्दिक अभिनंदन वगैरे. सर खरंच कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या दिवसापासून कँटीनमध्ये जो तो दुसऱ्याला "तुझा एच किती गं?" एवढंच विचारतोय. माझा २. पेपर चार, सायटेशन (म्हणजे दुसऱ्या पेपरांत आपल्या पेपरचा उल्लेख) १९, त्यातली ७ माझीच मी दिलेली आणि ३ रूममेटने दिलेली (तिची मी दिलीत, फिटंफाट).

मी एम.फार्म. फार्माकॉलॉजी, शेवटचं वर्ष. विषय खाजकुइलीच्या बियांचा अर्क आणि उंदरांमधली कॅटालेप्सी. म्हणजे हॅलोपेरिडॉल (स्किझोफ्रेनियावरचं औषध) टोचायचं, उंदीर पुतळ्यासारखा थिजतो, त्याचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवायचे आणि स्टॉपवॉच घेऊन बघत बसायचं की बाबा खाली कधी उतरतोस. रात्री बसून बसून कंटाळा आला म्हणून हा एच-इंडेक्स मुळात काढला कोणी ते शोधलं. जॉर्ज हिर्श नावाचा कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रवाला, पेपर २००५ चा. त्याने आधी आपल्याच भौतिकशास्त्रवाल्यांचे आकडे दिलेत, त्यात एडवर्ड विटन सर्वात वर, ११०. मग शेवटाकडे जीवशास्त्रवाल्यांची छोटी यादी आहे आणि तिथे पहिल्या नंबरवर कोण, तर सॉलोमन स्नायडर, १९१! जॉन्स हॉपकिन्सचा न्यूरोफार्माकॉलॉजिस्ट, म्हणजे आपल्याच गल्लीतला माणूस. दुसरा डेव्हिड बाल्टिमोर, नोबेलवाला, तो १६० वर. म्हणजे ज्या पेपरात एच-इंडेक्स जन्मला त्याच पेपरात आमच्या विषयाचा माणूस अख्ख्या जीवशास्त्रात पहिला, आणि हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नाही.

आणि त्याच रात्री, थिसिसच्या प्रस्तावनेसाठी, आर्विद कार्लसन या स्वीडिश औषधशास्त्रज्ञाचा १९५७ चा नेचरमधला पेपर उघडला. अहो, एक पान! एकच पान. ज्यावर नंतर पार्किन्सनचा सगळा उपचार उभा राहिला आणि २००० साली नोबेल मिळालं तो पेपर माझ्या सिनॉप्सिसच्या प्रमाणपत्राच्या पानांपेक्षाही लहान आहे.

तर मला खरंच विचारायचंय, एखाद्या औषधशास्त्रज्ञाचं काम मोजायचं कसं? जाणकारांनी लिहा. आणि प्लीज "आकड्यांवर जाऊ नकोस बाळ" असं नको, प्लेसमेंटच्या फॉर्मवर आकडाच विचारतात.

---

तिरफळ

खाजकुइली म्हणजे तीच ना जी आम्ही शाळेत असताना पोरांच्या शर्टात टाकायचो? तिच्यावर थिसिस?? आमच्या मास्तरांनी तर त्याबद्दल वेताची छडी दिली होती, डिग्री नाही.

---

निळी_शाई

तीच ती :) खाज शेंगेवरच्या केसांची, आम्ही बिया घेतो. त्या बियांत एल-डोपा (पार्किन्सनवर देतात तेच) असतं, हे १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं काढून दाखवलं होतं. आपल्याकडच्या लोकांनी, तेही बायोकेमिकल जर्नलमध्ये. म्हणजे कार्लसनच्या वीस वर्षं आधी रेणू आपल्या हातात होता, तो मेंदूत काय करतो ते तेवढं कोणाला माहीत नव्हतं.

---

खलबत्ता

आधी सगळ्यांसाठी, एच-इंडेक्स म्हणजे काय ते सोप्या भाषेत. तुमचे पेपर सायटेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. दहाव्या पेपरला दहा किंवा जास्त सायटेशन असतील आणि अकराव्याला अकरा नसतील तर तुमचा एच दहा. म्हणजे एकच पेपर लाखभर वेळा उद्धृत झाला तरी एच एकच, आणि शंभर पेपर कोणी विचारत नसेल तरी शून्य. १९१ म्हणजे १९१ पेपर असे की प्रत्येकाचा उल्लेख किमान १९१ वेळा झालाय. आता सांगा, हा आकडा फुकट मिळतो का?

दोन टक्के यादीबद्दल पण एक गैरसमज दिसतोय. ती नुसत्या एच-वर नाही. सहा वेगवेगळे आकडे एकत्र करून एक स्कोअर काढतात, त्यात तुम्ही एकटे लेखक होता का, पहिले होता का, शेवटचे होता का हेही धरतात, आणि स्वतःची सायटेशन वगळून वेगळा क्रम असतो. शिवाय अख्ख्या कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी. फ्लेक्सवर कुठली ते कधीच लिहिलेलं नसतं, तेवढं जाऊन विचारा सरांना (नको विचारू, व्हायव्हा व्हायचाय तुझा).

---

सुपारीचं_खांड

माझा एच-इंडेक्स घरी ० आहे. मी बोललेलं कोणीही उद्धृत करत नाही.

---

परळकर

मी निवृत्त डॉक्टर, त्यामुळे आकड्यांतलं मला फार कळत नाही पण कार्लसनच्या त्या एका पानाआधीची गोष्ट मुंबईतून जाते ती कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो, जरा लांबेल, म्हातारपणाची सवय आहे, चालवून घ्या.

कार्लसनने सशांना काय दिलं होतं? रेसरपिन. रेसरपिन कशातून निघालं? सर्पगंधेच्या मुळातून. बिहार-उत्तर प्रदेशाकडे या मुळाला 'पागल की दवा' म्हणत असत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून लिहिलं की याने वेड शांत होतं आणि रक्तदाबही उतरतो. तो पेपर इंडियन मेडिकल वर्ल्डमध्ये. लंडन-न्यूयॉर्कात कोण वाचणार. मग आमच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील. ते रक्तदाबाच्या रुग्णांना हे देऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवत होते आणि १९४९ मध्ये त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ते छापलं. बस्स, तिथून जग जागं झालं. बॉस्टनला रॉबर्ट विल्किन्सनी ते वाचून आपल्या पेशंटना दिलं, १९५२ मध्ये बाझेलला सिबा या औषधकंपनीच्या लोकांनी शुद्ध रेसरपिन वेगळं केलं, १९५४ मध्ये नेथन क्लाइनने न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात ते वापरलं. १९५७ चं लास्कर हे वैद्यकातलं मोठं पारितोषिक वकिलांना मिळालं, क्लाइनलाही त्याच वर्षी. आणि त्याच १९५७ मध्ये कार्लसनचं ते पान नेचरमध्ये आलं. योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.

आम्ही शिकत होतो तेव्हा रक्तदाबाला अ‍ॅडेल्फेन लिहून द्यायचो, त्यात रेसरपिनच. काही पेशंट महिन्या-दोन महिन्यांनी येऊन म्हणायचे डॉक्टर, काही करावंसंच वाटत नाही हो. काहींचे हात कापायचे, चाल अडखळायची. तेव्हा आम्ही गोळी बदलायचो आणि विसरायचो. कार्लसनला त्या अडखळण्यात मेंदूतलं रसायन दिसलं.

आता सेन-बोसांच्या पेपरची सायटेशन किती असतील बघा कोणीतरी. सायटेशन मोजायचं पुस्तकच मुळी १९६४ मध्ये निघालं, गारफिल्डचं, आणि त्यात कलकत्त्याची जर्नलं कितीशी असणार.

---

मुठेकाठची

परळकर काका, दंडवत. हे अभ्यासक्रमात का नाही??

---

निळी_शाई

काका, खूप खूप आभार. मला अ‍ॅडेल्फेन माहीतच नव्हतं.

पण ते ससे काय होते ते कोणी नीट सांगेल का, म्हणजे मी पेपर वाचलाय पण त्या एका पानात "आम्ही दिलं आणि ते उठले" एवढंच आहे जवळपास.

---

लुंडचा_पाव

मी स्वीडनमध्ये असतो, नऊ वर्षं झाली. न्यूरोसायन्सच्याच आसपास काम आहे, म्हणून लिहितो. (लुंड विद्यापीठाचं गाव आहे, कार्लसनने ते काम तिथेच केलं. गोथेनबर्गला तो १९५९ मध्ये प्राध्यापक म्हणून गेला.)

गंमत अशी की तो आधी कॅल्शियमवर काम करायचा, हाडांत कॅल्शियम कसं जातं-येतं वगैरे, आणि चांगलं काम होतं. प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला तर तज्ज्ञ समितीचं मत पडलं की हे फार्माकॉलॉजीच्या मध्यवर्ती विषयात बसत नाही. जागा गेली. म्हणून गडी विषय बदलायला निघाला आणि १९५५ मध्ये पाच महिन्यांसाठी अमेरिकेला बर्नार्ड ब्रोडीच्या लॅबमध्ये पोचला. तिथे नुकतंच सापडलं होतं की रेसरपिन दिलं की मेंदूतलं सेरोटोनिन (निरोप पोचवणारं एक रसायन) गायब होतं. कार्लसन म्हणाला आपण नॉरअ‍ॅड्रेनलिनही बघू या का? ब्रोडीला ते वेळ घालवणं वाटलं, त्याच्या मते उत्तर सेरोटोनिनमध्येच होतं. मग याने स्वीडनला निल्स-ओके हिलार्पला पत्र टाकलं आणि परत येऊन दोघांनी बघितलं, तर तेही गायब.

पुढचा प्रश्न असा की गायब झालेलं परत भरलं तर जनावर उठेल का? नॉरअ‍ॅड्रेनलिन सरळ टोचून उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून त्याचा कच्चा माल टोचायचा, म्हणजे डोपा. सेरोटोनिनचा कच्चा माल पण दिला, त्याने काही झालं नाही. डोपा दिल्यावर कान पाडून पडलेले ससे काही मिनिटांत उठून बसले. ते एक पान म्हणजे हे.

पण खरी मजा पुढे आहे. उठलेल्या प्राण्यांच्या मेंदूत मोजलं तर नॉरअ‍ॅड्रेनलिन परत आलेलंच नव्हतं! मग उठवलं कोणी? मधल्या पायरीवरचं जे डोपामिन, ज्याला तोवर सगळे नुसता जिना समजत होते, त्याने. १९५८ मध्ये ते मेंदूत मोजायची पद्धत त्यांनी सायन्समध्ये दिली, तीही एका पानात. मग बर्टलर आणि रोझेनग्रेन, त्याच्याच लॅबचे, त्यांनी दाखवलं की ते मुख्यतः स्ट्रायटममध्ये आहे, म्हणजे हालचालींच्या केंद्रात. त्यावरून पार्किन्सन. सगळं दोन-तीन वर्षांत.

आणि लोकांनी डोक्यावर घेतलं असं समजू नका. १९६० मध्ये लंडनला मोठी परिषद झाली, औषधशास्त्रातले झाडून सगळे मोठे लोक हजर, आणि यांचं म्हणणं कोणाला पटेना. सर हेन्री डेल, नोबेलवाले, म्हणाले की डोपा हे विषच आहे. म्हणजे त्या वर्षी जर कोणी कार्लसनचं 'इम्पॅक्ट' मोजलं असतं तर काय आलं असतं?

---

खलबत्ता

लुंडकर, सुंदर लिहिलंत. तरी दोन टाचण्या टोचतो.

एक, मेंदूत डोपामिन आहे हे सर्वात आधी कार्लसनने छापलं नाही. कॅथलीन मॉन्टेग्यू नावाच्या इंग्लंडमधल्या बाईंनी १९५७ च्या ऑगस्टमध्ये नेचरमध्ये दिलंय, कार्लसनच्या आधी. त्यांचं नाव फार्माकॉलॉजीच्या किती पोरांना माहीत आहे? कार्लसनने ते तिथे *करतं काय* हे दाखवलं, श्रेय त्याचंच, पण बाईंना निदान एक ओळ तरी द्या.

दुसरं. एका पानाच्या पेपरवर भुलू नका. १९५७ च्या नेचरमध्ये एका पानाचे ढीगभर पेपर असतील आणि त्यातले बहुतेक मेले ते योग्यच मेले. एक कार्लसन निघाला म्हणून आपण सगळे कार्लसन होत नाही. "माझं काम फार खोल आहे, लोकांना कळत नाही म्हणून सायटेशन नाहीत" हे मी इतक्या प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचाच एच-इंडेक्स काढावा. आणि आपल्याकडे आकडा नसेल तर काय असतं ठाऊक आहे ना? साहेबांची मर्जी. मी ज्या संस्थेत होतो (नाव नको) तिथे बढती मिळालेल्या गृहस्थांचे पेपर त्यांच्याच मेहुण्याच्या जर्नलमध्ये. आकड्याने निदान मेहुण्याला थोडी लाज तरी वाटते.

---

मुठेकाठची

मेहुण्याचं जर्नल =))

---

कोरा_कागद

खलबत्ता, मर्जीबद्दल अगदी मान्य. पण आकडा कशाचा येतो ते पण बघा की. जगात सर्वात जास्त उद्धृत झालेला पेपर कुठला? ओलिव्हर लाउरीचा १९५१ चा, प्रोटीन मोजायची पद्धत. नेचरने २०१४ मध्ये यादी केली होती तेव्हा तीन लाख पाच हजारांवर सायटेशन. शोध वगैरे काही नाही, मोजायची रेसिपी. आमच्या लॅबमध्ये पण तेच. प्रत्येक थिसिसमध्ये लाउरी, अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेजसाठी एलमन १९६१, एमडीएसाठी (पेशींचं नुकसान दाखवणारं रसायन) ओहकावा १९७९, डिप्रेशन असेल तर पोर्सोल्टची पोहण्याची टेस्ट. आणि आता खरं सांगतो, नाव गुप्त आहे म्हणून, मी एलमनचा पेपर आजपर्यंत उघडलेला नाही. सिनियरच्या थिसिसमधून रेफरन्स उचलला, सिनियरने त्याच्या सिनियरच्यातून. आमच्या डिपार्टमेंटमध्ये ओहकावाचा पान नंबर पिढ्यानपिढ्या चुकीचा चाललाय, कुलदैवतासारखा.

---

खलबत्ता

हे तर सिद्धच झालंय हो. सिमकिन आणि रॉयचौधरी म्हणून दोघांनी २००३ मध्ये अशाच चुकीच्या पान नंबरांचा माग काढला, एकच चूक किती जणांत सारखी सापडते त्यावरून, आणि अंदाज काढला की उद्धृत करणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्के लोकच मूळ पेपर वाचतात.

---

कोरा_कागद

वीस म्हणजे खूपच झाले. आमच्याकडे येऊन बघा म्हणावं.

---

लुंडचा_पाव

पद्धतीचा मुद्दा बरोबर आहे आणि स्नायडरचा १९१ समजायचा असेल तर तिथूनच आत शिरावं लागतं. १९७३ मध्ये स्नायडर आणि त्याची विद्यार्थिनी कँडेस पर्ट यांनी अफूचा रिसेप्टर (पेशीवरची जागा, जिथे ते द्रव्य चिकटतं) मेंदूत आहे हे दाखवलं. पद्धत काय, तर मेंदूचा भाग वाटायचा, त्यात किरणोत्सारी नॅलोक्सोन (त्याच रिसेप्टरला चिकटणारं औषध) घालायचं, गाळणीवरून झटकन धुवायचं आणि गाळणीवर किती चिकटून राहिलं ते मोजायचं. लोक चेष्टेने त्याला 'वाटा आणि चिकटवा' म्हणायचे. पण स्वस्त, भराभर होणारं, आणि कुठल्याही रिसेप्टरला चालणारं. मग डोपामिन, सेरोटोनिन, जे दिसेल त्यावर. प्रत्येक रिसेप्टरचा एक पेपर, आणि त्या प्रत्येकाच्या मागे जगभरच्या लॅब लागल्या. १९७६ चा क्रीझ, बर्ट आणि स्नायडरचा पेपर बघा: स्किझोफ्रेनियाचं औषध डोपामिन रिसेप्टरला जितकं घट्ट चिकटतं तितका त्याचा डोस कमी लागतो. सीमन कॅनडात तेच करत होता. निळी_शाई, तुमचं हॅलोपेरिडॉल त्या आलेखात एका टोकाला आहे, सर्वात घट्ट चिकटणाऱ्यांत. म्हणूनच उंदीर थिजतो.

आणि ही औषधं डोपामिनचा रिसेप्टरच अडवत असावीत हा अंदाज सर्वात आधी कोणी केला? १९६३, कार्लसन आणि लिंडक्विस्ट, उंदराच्या मेंदूवरून, रिसेप्टर कोणी बघितलेलाही नव्हता तेव्हा. म्हणजे कार्लसनने बोट दाखवलं आणि स्नायडरने मोजून दिलं. दोन्ही लागतं.

वंशावळ पण एकच आहे. ब्रोडीच्या हाताखाली ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड तयार झाला, अ‍ॅक्सेलरॉडच्या हाताखाली स्नायडर, स्नायडरच्या हाताखाली पर्ट. आणि कार्लसन त्याच ब्रोडीकडे पाच महिने. म्हणजे अर्धा न्यूरोफार्माकॉलॉजी एकाच घराण्याचा म्हणा ना, आपल्याकडे गाण्याचं असतं तसं.

---

परळकर

अ‍ॅक्सेलरॉड म्हणजे पॅरासिटॅमॉलवाला ना? तो आणि ब्रोडी, १९४८. जुनं अ‍ॅसिटॅनिलाइड शरीरात गेल्यावर त्याचं पॅरासिटॅमॉल होतं आणि दुखणं तेच थांबवतं, हे त्यांनी दाखवलं. तेव्हा हा गृहस्थ साधा तंत्रज्ञ होता, पीएचडी पण नव्हती, ती झाली चाळिशी उलटल्यावर, आणि १९७० मध्ये नोबेल. आज घराघरात क्रोसिन आहे. एकही माणूस गोळी घेताना अ‍ॅक्सेलरॉड १९४८ म्हणत नाही.

---

कोरा_कागद

काका, याला समाजशास्त्रात नाव आहे. रॉबर्ट मर्टन म्हणायचा की शोध इतका अंगवळणी पडतो की तो कोणाचा हे लिहायची गरजच वाटत नाही, ज्ञानात सामावून घेऊन नाव पुसलं जातं. "डोपामिन हे न्यूरोट्रान्समीटर आहे" असं लिहिताना आता कोण रेफरन्स देतो? लाउरीला मात्र रोज देतात कारण मटेरियल्स अँड मेथड्समध्ये द्यावाच लागतो.

---

सुपारीचं_खांड

म्हणजे फार मोठं काम केलं तर सायटेशन कमी होतात? मग मी फार फार मोठा शास्त्रज्ञ आहे.

---

मुठेकाठची

पर्टबद्दल कोणी बोलतच नाहीये. १९७८ चं लास्कर स्नायडर, ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना दिलं आणि जिने रिसेप्टर प्रत्यक्ष बाकावर बसून शोधला तिला नाही. तिने उघड तक्रार केली, गप्प बसली नाही. पेपरवर पहिलं नाव तिचं आहे हो! आपल्याकडे तर तेही मिळत नाही. माझ्या मैत्रिणीचं पूर्ण काम, तीन वर्षं, आणि छापून आलं तेव्हा तिचं नाव चौथं. पहिलं गाइडचं, दुसरं गाइडच्या बायकोचं, त्या कॉमर्सच्या आहेत.

---

खलबत्ता

कॉमर्सच्या :O

---

मुठेकाठची

स्टॅटिस्टिक्स केलं म्हणे त्यांनी.

---

लुंडचा_पाव

नावं राहून जाण्याचंच निघालंय तर होर्निकेविचचं पण लिहितो. व्हिएन्नाचा. पार्किन्सनने गेलेल्या माणसांचे मेंदू घेऊन त्याने आणि एरिंगरने १९६० मध्ये दाखवलं की स्ट्रायटममधलं डोपामिन जवळजवळ संपलेलं असतं, आणि १९६१ मध्ये बिर्कमायरबरोबर रुग्णांना एल-डोपा टोचून बघितलं. सशावरून माणसावर तो आला. पण सगळं जर्मनमध्ये, व्हिएन्नाच्या जर्नलांत. २००० च्या नोबेलमध्ये कार्लसन, ग्रीनगार्ड, कँडेल होते, हा नव्हता, तेव्हा दोनशेहून जास्त न्यूरॉलॉजीवाल्यांनी निषेधाचं उघड पत्र लिहिलं होतं. नोबेल तीनपेक्षा जास्त जणांना वाटून देत नाहीत.

कार्लसनची दुसरी बाजू पण सांगतो. जगातलं सर्वात पहिलं बाजारात आलेलं एसएसआरआय (नैराश्यावरच्या औषधांचा एक प्रकार), झिमेलिडिन, त्यामागे तो होता. १९८२ मध्ये आलं, १९८३ मध्ये मागे घ्यावं लागलं, काही रुग्णांना गियान-बारे हा नसांचा आजार झाला म्हणून. नाहीतर आज लोक प्रोझॅकऐवजी त्याचं नाव घेत असते. आणि पाण्यात फ्लोराइड घालायच्या विरोधात तो स्वीडनमध्ये हट्टाने भांडला. यातलं त्याच्या एच-इंडेक्समध्ये काही दिसत नाही, चांगलं नाही की वाईट नाही.

---

अबोली_७

मी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझ्या बाबांना पार्किन्सन होऊन अकरा वर्षं झाली. सिंडोपा चालू आहे. सकाळी सातला पहिली गोळी, तोवर ते पलंगावर कडेला बसलेले असतात, हलत नाहीत, चेहरा पण हलत नाही, आई डोळ्यांवरून ओला रुमाल फिरवते तरी पापणी मिटत नाही धड. अर्ध्या तासाने हळूहळू शर्टाचं बटण स्वतः लावायला घेतात. आम्ही घरात म्हणतो "गोळी लागली". साडेदहा-अकराला परत उतरते.

तुमचा तो सशांचा परिच्छेद वाचला आणि मला वाटलं हे तर मी रोज सकाळी बघते.

---

परळकर

ताई, बाबांना नमस्कार सांगा. जेवणाच्या वेळा सांभाळा, डाळ-पनीर-अंडं यांच्याबरोबरच गोळी घेतली तर ती नीट लागत नाही, दोन्हींना आत शिरायला दार एकच. थोडं आधी रिकाम्या पोटी बरी, पण तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि हा धागा वाचून कोणी खाजकुइलीचं चूर्ण आणून देऊ नका, तीही विचारल्याशिवाय नाही. त्यातही डोपाच आहे आणि किती ते मोजलेलं नसतं.

---

अबोली_७

हो काका. तुम्ही लिहायच्या आधीच एका नातेवाइकांनी चूर्णाची बरणी आणून ठेवलीय :( तशीच आहे फडताळात.

तो रुग्णांना तोंडाने घेण्याइतका सोपा उपाय कधी झाला मग? टोचून म्हणालात ना.

---

लुंडचा_पाव

१९६७. जॉर्ज कोत्सियास, अमेरिकेत ब्रुकहेवनला. तोवर लोक थोडा डोस द्यायचे, उलट्या झाल्या की सोडून द्यायचे. याने अगदी हळूहळू चढवत मोठ्या डोसपर्यंत नेलं आणि लोक चालायला लागले. मग कार्बिडोपाची जोड आली, त्याने डोपा मेंदूबाहेर वाया जात नाही, म्हणून कमी डोसात भागतं आणि मळमळही कमी. बाबांच्या गोळीत ती दोन्ही आहेत.

---

निळी_शाई

धागा कुठून कुठे गेला. अबोली ताई, तुमचं वाचून मी आज दांडीवरच्या उंदरांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं, खोटं नाही सांगत. स्टॉपवॉच बंद करायचं पण विसरले, एक रीडिंग गेलं.

खलबत्ता सर, तुमचं मर्जी विरुद्ध आकडा पटलं, मी आता आकड्याला शिव्या नाही देणार. पण "किती वेळा" च्या शेजारी "कशासाठी" असा एक रकाना पाहिजे होता असं वाटतं. लाउरी मोजण्यासाठी, कार्लसन समजण्यासाठी. फॉर्मवर तो रकाना नाही.

बरं, काल जर्नल क्लबला मी हेच सगळं सादर केलं. परळकर काकांचं सर्पगंधेचं पण घेतलं, वकिलांचा फोटो लावला. सर खूश झाले, अगदी मनापासून, म्हणाले फार छान, तुमच्या पिढीत कोणी मुळातून वाचत नाही.

---

मुठेकाठची

वा वा! मग थिसिसमध्ये टाकलास ना कार्लसन १९५७?

---

निळी_शाई

टाकला होता. कार्लसन १९५७, दामोदरन-रामस्वामी १९३७, वकील १९४९, सगळे, स्वतः वाचून, पान नंबर तपासून.

आज ड्राफ्ट परत आला. लाल पेनाने लिहिलंय, "रेफरन्स फार जुने आहेत, गेल्या पाच वर्षांतले द्यावेत." मग आता त्या तिन्ही जागी २०२२ चा एकच रिव्ह्यू टाकलाय. तो आमच्याच डिपार्टमेंटमधला आहे.

---

कोरा_कागद

त्यात ओहकावाचा पान नंबर काय दिलाय तेवढा बघून सांग.